चार तारांवर तुझा सूर

बाबा, हे मी सांगतेय आणि सून लिहितेय. मला अक्षर आलं नाही ते आलंच नाही. त्यात थोडा वाटा तुझाही आहे, पण ते भांडण आज नको. आवाज गेल्यापासून मी नुसती कुजबुजते, त्यामुळे ती खुर्ची ओढून कान माझ्या तोंडाशी आणते, एक वाक्य ऐकते, मागे सरून लिहिते आणि परत पुढे येते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, सासू-सुना शेजारणीची चहाडी करतायत. तीही करू, हे झालं की. तू गेलास तेव्हा तुझं जे वय होतं ते मी केव्हाच मागे टाकलं, म्हणजे आता तू माझ्याहून लहान. तेव्हा थोरल्या बहिणीसारखं काही बोलून गेले तर ऐकून घे.

आवाजाचं असं झालं की घशात गाठ आली, डॉक्टरांनी ती काढली आणि गाठीबरोबर आवाजही निघून गेला. बोलण्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. जन्मभराचं बोलून झालं होतं, आणि घरातल्यांनाही जरा विश्रांती मिळाली. पण तुझा सूर आत अडकला. तो बिनशब्दांचा, जाळं सांधताना तू नाकातल्या नाकात धरायचास तो. आपल्या नाटे गावच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या आहेत, माडाची सावली वाळूवर हलतेय, तू पायाच्या अंगठ्याला जाळं अडकवून बसलायस आणि लाकडी सुई आत-बाहेर करत तो सूर चालू आहे. मी जवळ बसून फाटकं भोक कुठे आहे ते बोट घालून दाखवतेय. तुला ते आधीच दिसलेलं असतं, तरी तू म्हणतोस, "बरं झालं गो सांगितलंस." तो सूर ज्यांनी ज्यांनी ऐकला ती सगळी माणसं आता तुझ्याकडे आली आहेत. माझे भाऊही आले. राहिले ती मी. चुलीपाशी, पाळण्यापाशी, तांदूळ निवडताना मी तो जन्मभर गुणगुणले, पण रोजच्या वस्तूकडे कोण नीट बघतं? तुझा नातू बोटीवर इंजिनात असतो. त्याला सुनेकरवी फोनवर विचारलं, की आईचा तो सूर तुला येतो का. तो म्हणाला, "कुठला, आई ऊं ऊं करायची तो?" झालं. पोटच्या पोराकडे तुझ्या सुराचं एवढंच शिल्लक आहे, ऊं ऊं.

मग मी सुनेच्या मागे लागले. आवाज नाही, तर हाताने दाखवावं म्हणून हात वर नेला की सूर वर, खाली आणला की खाली, असं आमचं ठरलं. गॅसवर डाळ शिजतेय आणि मी स्वयंपाकघरात पंखा पुसल्यासारखे हात फिरवतेय. तिने जे म्हणून दाखवलं ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं सरळ उभं होतं. मी मान हलवली. तिने परत म्हटलं. मी कपाळाला हात लावला, तर तिने तोही सूरच समजून आवाज वर नेला. दोघीही हसलो, पण हसून झाल्यावर मी जरा वेळ सिंककडे तोंड करून उभी राहिले. आपल्याबरोबर आपला सूर जाईल, हे मला चालण्यासारखं आहे. तुझा जायला नको होता. मग शेजारच्या भजनी मंडळाची पेटी आणून झाली. पेटीतले सूर पायऱ्यांवर उभे असतात. तुझा सूर पायऱ्या उतरत नव्हता, होडी वाळूवरून ओढावी तसा सरकत यायचा. मी म्हटलं, मला तार पाहिजे. ओढली की वाकेल अशी.

तारेचं मला का सुचलं ते तुला कळलंच असेल. सप्त्यात देवळातली वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. सप्ता उठेपर्यंत तिला जमीन लागू द्यायची नाही. पहाटेचा पहारा तुझा. थंडीत तू उपरणं घट्ट गुंडाळून उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतोयस, आणि तार टिंग-टिंग करतेय. सप्ता नसताना एकदा मी खुंटीवरच्या वीणेला हात लावला. तू ओरडला नाहीस. हात तेवढा बाजूला केलास आणि म्हणालास, "उचललीस तर खाली ठेवायची नाय, बाय. आणि तुझ्या हातातनं घेणार कोण?" आमच्यात बायका वीणा घेत नसत. राग आला होता तुझा. पण तू चिडला असतास तर मी भांडले असते. तू खरोखरच विचारल्यासारखं विचारलंस, त्याचं काय करायचं?

असो. सून मला बाजारात वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार चाळिशीचा, केस मागे बांधलेले, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाला, "नातवासाठी का, आजी?" सुनेने माझ्याकडे बोट केलं. भला माणूस, हसला नाही. चार तारांचं एक इवलंसं वाद्य त्याने काढलं, युकुलेले म्हणाला. हे नाव माझ्या घशातून काही निघत नाही, म्हणून मी त्याला धाकटी म्हणते. पहिल्या धाकटीला नायलॉनच्या तारा होत्या. बोटाला मऊ लागतात, म्हणाला. लागल्या मऊ, पण आवाज भिजलेल्या टोपलीवर टिचकी मारावी तसा, आणि ओढली तरी तार वाकायला तयार नाही. मग मला भिंतीवरची दुसरी दिसली. काळपट तपकिरी, पाटासारखी भरीव, पोटाला भोकच नाही. हिच्यातून आवाज कुठून येणार? तो सांगायला लागला, की आजी, ही विजेवरची. तारा पोलादी, खाली लोहचुंबक, तार हलली की त्याला समजतं आणि ते स्पीकरच्या पेटीला सांगतं. मी म्हटलं, दे तर खरी. त्याने पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि मी तार छेडली. बाबा, ती माझ्यासारखीच कुजबुजली. कान लावावा तेव्हा ऐकू येईल एवढंच. मी सुनेकडे बघितलं, सुनेने माझ्याकडे. मग दुकानदाराने एक वायर खोचली, स्पीकरच्या पेटीचं बटण फिरवलं आणि म्हणाला, "आता हळूच छेडा. जोर लावू नका." हळूच छेडली. तीच कुजबुज, पण दुकानभर. टांगलेल्या तबल्यांच्या चामड्यांना शिरशिरी आली असेल. तार जराशी ओढून सैल सोडली, तर सूर वाकला आणि सरकत खाली आला, वाळूवरून ओढल्यासारखा. मला क्षणभर दुकान दिसेना.

तेवढ्यात दुकानदाराला गिऱ्हाईक आलं. जाताना म्हणाला, "ठेवा तिथे काउंटरवर, मी दुसरा रंग दाखवतो." सून फोनवर बोलायला बाहेर गेली होती. आणि मी ठेवू शकले नाही. गळ्यात घेतलेली तारेची वस्तू अशी कुठेही टेकवायची नसते, एवढं हाडात गेलेलं. कोणीतरी पुढे यावं, घ्यावं, मग आपण मोकळं व्हावं. मी उभी राहिले. या पायावरून त्या पायावर. दुकानदार येतो, बघतो, परत जातो. एका बाईने मला विचारलं, की टाळ कुठे ठेवलेत तुम्ही. मी हनुवटीने दाखवले, मिळाले तिला. दुकानदाराने स्टूल आणून दिलं, मी मान हलवली. शेवटी त्याने हळूच विचारलं, "आजी, काही होतंय का?" तेव्हा सून आत आली. "अहो आई, ठेवा की ते, हात दुखतील." मी तिच्या कानात म्हटलं, घे आधी गळ्यातनं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. ती लांज्याकडची, शेतकऱ्याघरची. सप्ता तिच्या गावातही होतो. थट्टा करील असं वाटलं होतं. तिने पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली, चपला काढल्या, वाकून तारांना हात लावला, तो कपाळाला नेला आणि पट्टा माझ्या गळ्यातून तिच्या गळ्यात घेतला. दुकानदार दुसऱ्या रंगाची हातात धरून तसाच उभा. सून त्याला म्हणाली, "हीच द्या. ही आता भिंतीवर जायची नाही." सोबत शिकायचं पुस्तक मिळत होतं. ते मी परत केलं. आपल्या गावची अक्षरं आली नाहीत, तिथे ही परक्या बाजाची चिन्हं कुठे वाचत बसू?

आता शहरात, नाचणे भागातल्या आमच्या घरात दुपारी सगळं निजलेलं असतं. मी गॅलरीत बसते, हेडफोन कानाला लावते, म्हणजे बाहेर कोणाला काही ऐकू जात नाही आणि माझ्या डोक्यात मात्र भरती येते. पोलादी तारेने बोटांना आधी फोड आले, मग कातडं जाड झालं, तुझं जाळ्याच्या दोऱ्याने झालं होतं तसं. एका तारेवर मी हळूहळू तुला शोधते. हा सूर सापडला की त्याच्या पुढचा अंधारात चाचपायचा. कधी वाटतं मी छेडत नाही, तूच कुठेतरी सुई घालतोयस आणि तार तिकडून हलतेय. समोरच्या बिल्डिंगवर वाळत घातलेल्या साड्या वाऱ्याने फुगतात, त्यांची शिडं होतात, आणि मी दोन्हीकडे असते, इथेही आणि माडाखालीही. सून चहा ठेवते तो निवून जातो. असा थोडा थोडा करत सगळा सूर तारेवर उतरला आणि एक दिवस मी वायर पेटीला लावून तिला ऐकवला. आमटी उतू गेली, तरी ती हलली नाही. म्हणाली, "आई, हे तुम्ही हातवारे करून सांगत होतात? तरीच आवाज वर नेला मी, नुसत्या हातावरून हे कळलं कुणाला असतं?" दुसऱ्या दिवशी मासे साफ करताना ती तो गुणगुणत होती. सगळा, वाकणासकट. मी दाराआड उभी राहून ऐकला.

आता एक तुला सांगते. तिला ऐकवण्याआधी, वाजवताना माझं बोट नेहमी एकाच ठिकाणी अडायचं. सूर वर जातो, वळतो, आता उतरणार असं वाटतं, आणि पुढे काहीच नाही. मला वाटलं, म्हातारपण, विसरले. रोज तिथे जाऊन बसायचं आणि रोज तसंच परत यायचं. मग एका दुपारी तू दिसलास, अगदी जवळ. गाठ मारून झाली, तू मान खाली घातलीस आणि दोरा दातात धरून तोडलास. तोंडात दोरा असताना माणूस गुणगुणेल कसा? दरवेळी तिथेच. नवी गाठ घेतलीस की सूर पुन्हा पहिल्यापासून. मी काही विसरले नव्हते, बाबा. तुझ्या सुराचा शेवट मी कधी ऐकलाच नव्हता. तुला तरी ठाऊक होता का, देव जाणे.

म्हणून मग शेवट मीच घातला. सूर हळूहळू उतरतो, मध्येच जरा रेंगाळतो आणि थांबतो. सुनेला मी तो सगळाच्या सगळा तुझा म्हणून दिला. आत्ता हे लिहिताना तिचा हात थांबलाय. माझ्याकडे बघतेय. म्हणते, "हेही लिहू?" मी म्हटलं, लिही, हा कागद कुठे जायचाय? तिने विचारलं, मग तो शेवट काढून टाकू का गाताना. नको. राहू दे तो. तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू, बाबा, सगळ्या सुरात मला तोच जास्त आवडतो.