जस्ताची चाचणी

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. मोताळा

काल दादाची तेरवी झाली. आज कामावर गेले. आमच्या माती-परीक्षण केंद्राचा सगळा कारभार दादानं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. मालक ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले, "ताई, लोकं आता जस्त तपासून मागून राह्यले. आल्हादच्या प्रोग्रॅममध्ये जस्तच नाही. सोमवारपर्यंत बसवा. नाही तं तो काढून नवा आणतो."

मी फक्त "हो" म्हटलं. दादाचं काम पुसू देणार नाही.

१३ फेब्रुवारी

कोड वाचला. प्रत्येक चाचणीचा नमुना वेगळा, उत्तर काढणारं फंक्शन वेगळं. त्या फंक्शनला हाक मारायला एक डेलिगेट, म्हणजे निरोप्याच. कोणत्या नमुन्याला कोणतं, ती यादी दादानं हातानं लिहिलेली — अकरा ओळी. यादीत ओळ नाही, तर चाचणी दिसतच नाही!

बारावी ओळ लिहून सुटता आलं असतं. पण तेरावी कोण लिहिणार? त्यापेक्षा प्रोग्रॅमनंच चालता चालता स्वतःच्या आत बघावं — रिफ्लेक्शन! — सापडेल त्या चाचणीचं डेलिगेट तिथल्या तिथे बनवावं.

१४ फेब्रुवारी

चालत नाही. दिवसभर एकच उत्तर — हे फंक्शन याला जोडता येत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं!! मी सगळ्यांसाठी एकच सर्वसाधारण नमुना धरला होता. नत्राच्या फंक्शनला नत्राचाच नमुना लागतो. म्हणजे आधी फंक्शनलाच विचारायचं — तुला काय लागतं? तो प्रकार डेलिगेटच्या जेनेरिक — कोणत्याही प्रकाराला चालणाऱ्या — साच्याच्या रिकाम्या जागेत भरायचा. मगच डेलिगेट. नत्र चाललं! स्फुरद! पालाश!

मोठ्यानं हसले. हिमानीवहिनी दारात.

"काऊन हसून राह्यल्या वन्सं, एकट्याच?"

लाज वाटली. दादाला जाऊन किती दिवस झाले? म्हटलं, "नत्र जुळलं."

"मंग हसा की. तोंड काऊन लपवता? त्याईचंही असंच काही जुळलं की घर डोक्यावर घ्यायचे." आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. यादीतली एकेक चाचणी चालवून दाखवली. अकराही वेळा "हाव!" म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी

जस्ताची चाचणी वेगळ्या फाइलमध्ये लिहिली. आता हातची यादी नको. दादाच्या अकरा ओळी निवडल्या. पुसायला बोट धजेना. चहा प्यायले. मग पुसल्या.

उद्या!

१७ फेब्रुवारी, सोमवार

भाऊंसमोर चालवला. बारा चाचण्या यायला हव्या होत्या — तेरा आल्या. जस्त दोनदा! एक माझं. दुसरं दादाच्या, मी न उघडलेल्या एका फाइलमध्ये, पूर्ण लिहिलेलं. तारीख २७ जानेवारी — दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवसाची. फक्त यादीत ओळ घालायची राहिली होती.

भाऊंनी वाकून तारीख वाचली. मग म्हणाले, "दोन कायले? एक काढा."

माझं काढलं.