मोरमुखी पन्हळीची नोंद

११ मार्च, नांदेड
आज सकाळी बुद्धवंदना झाल्यावर थेट संग्रहालयाच्या कचेरीत गेलो आणि कुणी यायच्या आत पन्हळ धुतली. नळ कोरडेच. प्यायला नेलेलं निम्मं पाणी तीत गेलं. सागवानी, दोन हात लांब. पुढच्या टोकाला मोराचं तोंड, चोच उघडी. मधल्या भागावर चुन्याचा पट्टा, म्हणजे भिंतीत बसवलेली होती. माती निघाली तेव्हा दिसलं, मोराचा डावा डोळा फुटका.

दादा, माझे वडील, सांगायचे, कंधारकडच्या आपल्या जुन्या गावात देशमुखाच्या मागच्या भिंतीतून मोर पाणी द्यायचा. आतून कुणी ओतायचं, बाहेर आपली माणसं ओंजळ धरायची. मला ती गोष्ट वाटायची.

आणि मीच गेल्या आठवड्यात संग्रहासोबत आलेली यादी बघून रजिस्टरात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘तुळशीला पाणी घालायची पन्हळ’. वस्तू हातात न घेता.

१२ मार्च
वकील आले होते. त्याच देशमुखांचे नातू, सगळा संग्रह त्यांनीच दिलेला. समया, पानदान, उगालदान, गंगाळं, तीन तसबिरी. भिंतीतल्या चुन्याचं मी विचारलं. म्हणाले, “आतल्या घरातल्या वस्तू तुम्हाला कशा कळायच्या, मास्तर?” आमचे साहेब हसले. मी कधी शाळेत शिकवलेलं नाही. आडनाव तोंडी येऊ नये म्हणून हा माणूस मला मास्तर म्हणतो.

बरोबर आहे. आतलं मला माहीत नाही.

१३ मार्च
मोठ्या तसबिरीची मापं घेतली. वकिलांचे पणजोबा, गुलाबी फेटा, हातात गुलाबाचं फूल. शिपाई म्हणाला, कुठंही उभं राहा, डोळे आपल्याकडंच बघतात. मी चारी कोपऱ्यांत उभा राहिलो. माझ्याकडे काही बघितलं नाही.

संध्याकाळी वंदनेत सगळ्यांचं मंगल होवो म्हणताना वकील डोळ्यापुढे आला. तिथंच थांबलो. पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथंच. तसाच उठलो.

१५ मार्च
साहेबांनी बोलावलं. नव्या जिल्ह्यासाठी लातूरला दालन होणार, हा संग्रह तिकडे जाणार, सोबत एक माणूस. माझा बदलीचा अर्ज वर्षभर पडून आहे. सौ. अहमदपूरला एकटी आत्याला सांभाळून दोन कोसांवरून पाणी आणते. लातूरहून निदान दर शनिवारी जाता येईल.

साहेब म्हणाले, “तुमचा कागद वकिलांच्याच शब्दानं हलणार आहे. तुळशीची लिहा अन् मोकळे व्हा.” मी मान हलवली. होकार की नकार, ते मलाच कळलं नाही.

१७ मार्च, रविवार, अहमदपूर
सकाळच्या एसटीनं आलो. सौ. दोन कोसांवरच्या टँकरच्या रांगेत, दुपारी परतली. एक घागर.

आत्याला मुद्दाम काही सांगितलं नाही. जुन्या गावात पाणी कुठून प्यायचात, एवढंच विचारलं. आत्या तंबाखू मळत बसली होती.

“काणोबा व्हता की.”

कोण काणोबा?

“मोर. देशमुखाच्या भिताडातला. डावा डोळा फुटका व्हता, म्हनून आमी पोरं काणोबा म्हनायचो. वर बघू नगा म्हनायचे. वर न्हाई बघितलं तर पानी नाकात जातंय रं.”

हसली. दात नाहीत एकही. मग म्हणाली, “पानी लई ग्वाड व्हतं. त्याला काय करतोस?”

मी काय करणार. मी चिडायला आलो होतो, आणि ती पाण्याची चव सांगत होती. निघताना विचारलंच, “आत्या, लिहून ठेवू का हे?”

“खरं हाय तर लिही. खोटं आसंल तर मला कशाला इचारतोस?”

सौ. पुन्हा पाण्याला निघाली होती, दारात तिला बदलीचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, कमरेवरची घागर सारखी केली. म्हणाली, “मला विचारून लिहू नका. नंतर मला ऐकवाल.”

१९ मार्च
वकील पुन्हा. पन्हळ मांडून बघत होते, मोराचं तोंड आतल्या बाजूला, मागे लावलेल्या तुळशीच्या चित्राकडे. मी शांतपणे म्हणालो, ही बाहेरून बघायची वस्तू आहे, वकीलसाहेब. आमच्या घरच्यांनी बाहेरून बघितलेली आहे. त्यांनी पन्हळीवरचा हात काढला. मग माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाले, मनात आणलं तर सगळा संग्रह परत नेईन. आणि पहिल्यांदा माझं आडनाव घेतलं. नीट, पूर्ण.

राग आला नाही म्हणणं खोटं होईल. अजून आहे.

२१ मार्च
रजिस्टर शाईनं पक्कं करायचा आज शेवटचा दिवस. पानांवर छापील आकडे. एकदा शाई लागली की पान फाडता येत नाही, खोडता येत नाही.

साहेब जेवायला गेले तेव्हा पेन्सिलीची ओळ पुसली. लिहिलं:

‘क्र. ६२. पन्हळ, सागवानी, मोरमुखी, डावा डोळा फुटका. मागच्या भिंतीत, तोंड बाहेर. आतून ओतलेलं पाणी बाहेरच्या अस्पृश्य ठरवलेल्या माणसांनी ओंजळीनं प्यायची सोय. त्यांच्यातलं नाव काणोबा. सांगणार, माझी आत्या.’

खाली सही केली, आडनावासकट. साहेब आले, वाचलं, चष्मा काढून पुसला. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच होता, पेपरवेटखाली.

वकील उद्या अकराला येणार आहेत. शाई वाळली आहे.