बगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला ऑक्टोबर

८ एप्रिल
हेरन्स, म्हणजे आमच्या टोलीडो शहराची बेसबॉल टीम, पुन्हा जिंकले. सीझन सुरू झाल्यापासून एकच मॅच हरलो, तीही अंपायरच्या कृपेने. हे वर्ष आमचं. टोलीडोत दर एप्रिलमध्ये कोणी ना कोणी असं म्हणतंच, पण ते भावनेच्या भरात म्हणतात. मी अभ्यास करून म्हणतो.
एकच अडचण. ब्रिजेटचं लग्न ११ ऑक्टोबरला आहे. सफरचंदाच्या बागेत, पानं लाल झालेली असताना, वगैरे वगैरे. ऑक्टोबरात अंतिम सामने असतात हे माझ्या पोटच्या पोरीला कळू नये?

१० एप्रिल
ब्रिजेटशी शांतपणे बोललो. डोरीनच्या मते ते शांत बोलणं शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं. बायकोला सगळंच मोठ्याने ऐकू येतं.
ब्रिजेट म्हणाली, बाबा, हेरन्स ऑक्टोबरात शेवटचे खेळले तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. मी म्हटलं, म्हणूनच तर. तिने कॅलेंडरची पानं मागे उलटली. मग म्हणाली, ठीक आहे, जुलैत करते, पण तू माझ्याबरोबर पोल्का नाचशील ना? मनापासून? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं. बाप-लेकीच्या पोल्काशिवाय आम्हा पोलिश लोकांत लग्न लागलं असं कोणी मानत नाही.
संकल्प: उद्यापासून रोज पोल्काचा सराव. हॉट डॉग बंद. रेडिओला शिव्या बंद.

१९ एप्रिल
२६ जुलै पक्की झाली. बाग आधीच कोणीतरी अडवलेली, म्हणून अग्निशामक दलाचा हॉल. एसी नाही, पण पंखे आहेत. सगळं कसं छान जुळून आलं.
सराव सोमवारपासून.

६ मे
परवा अकरा रन, काल भोपळा, आज पुन्हा भोपळा. हेरन्स म्हणजे बगळे. डोरीन म्हणते, नावाला जागतात, एका पायावर उभे राहून ध्यान लावतात आणि मासा समोरून निघून जातो. तिला खेळातलं काही कळत नाही. शिवाय चूक तिचीच. माझी टोपी धुतली. भर सीझनमध्ये.

७ मे
न धुतलेली जुनी टोपी माळ्यावर सापडली. हेरन्स जिंकले. डोरीनला म्हटलं, आता बोल. ती खिडक्या उघडत होती.
आनंदात एक हॉट डॉग. मोहरीची चटणी लावून. हा धरायचा नाही.

१५ जून
व्याही जेवायला आले. वेंडेल नाव. होणाऱ्या जावयाचे, कर्टिसचे वडील. मधमाश्या पाळतात. बायको वारलेली. कर्टिस मालवाहू बोटीवर असतो. सरोवरातला बर्फ वितळला की बोटी सुटतात, मग आठवडेच्या आठवडे घरी नाही. त्यामुळे ब्रिजेटच्या घरचा नळ वेंडेलनेच दुरुस्त केला म्हणे. मी रंगाच्या दुकानात तेहतीस वर्षं काढली, नळ मलाही आला असता. त्या दिवशी मॅच होती.
वेंडेलने मला विचारलं, एका टीममध्ये खेळाडू किती असतात? मी काटा खाली ठेवला. अशा माणसाच्या घरी मी मुलगी देतोय. ब्रिजेट मात्र त्याच्याशी खिदळत होती.

३ जुलै
हेरन्स ओळीने सहा जिंकले. सांगितलं नव्हतं मी?
पोल्काचा सराव सुरू केला. खुर्ची हातात धरून. एक गिरकी झाली आणि गुडघा बोलला. तज्ज्ञ सांगतात, अतिसराव वाईट.

१४ जुलै
ओळीने सात हरले. हा डावपेच असावा. आता हरून घेतलं की ऑक्टोबरात ताजेतवाने.
ब्रिजेटचा फोन. पोल्काचं गाणं कोणतं हवं, म्हणून. मी म्हटलं, तुला आवडेल ते. ती म्हणाली, मला तुझ्या आवडीचं हवंय. नंतर कळवतो म्हटलं, डाव ऐन रंगात आला होता. कळवायचं राहिलं.

२६ जुलै, सकाळी
लग्न. सूट चढवला. जॅकेटच्या आत छोटा रेडिओ, एका कानात बारीक बटण. चर्चमध्ये चालू करणार नाही, मी काही राक्षस नाही.

२६ जुलै, संध्याकाळी, गाडीत बसून
घटना नीट लिहून ठेवतो, कारण पुढे लोक उलटसुलट सांगतील.
हॉलमध्ये जेवणं चालू होती. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ट्रॉय बास्कम बाहेरगावी खेळत होता. आठ डाव झाले, आम्ही एका रनने पुढे, आणि समोरच्यांपैकी एकालाही हिट, म्हणजे धड एक फटका, मिळालेली नाही. असं आयुष्यात एकदा होतं. अशा वेळी त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, काढलं की नजर लागते, आणि बसली जागा सोडायची नाही, हे टोलीडोतलं शेंबडं पोरही जाणतं. मी चौथ्या डावापासून घडीच्या खुर्चीवर डावा पाय उजव्यावर टाकून बसलो होतो. तसाच राहिलो.
तेवढ्यात बँडवाल्याने माझं नाव पुकारलं. बाप-लेकीचा पोल्का. नववा म्हणजे शेवटचा डाव, दोन बाद. एक माणूस बाकी! मी डोळ्यांनी खूण केली, थांबा. त्याने पुन्हा पुकारलं. ब्रिजेट मधोमध उभी, हात पुढे केलेला, हसत. मग हसू जरा कमी झालं. डोरीनने ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहीत नाही. सांगणार तरी काय? सांगितलं तर नाव काढावं लागतं.
वेंडेल आला. वाकून म्हणाला, लेन, बरं वाटत नाही का? मग कानातलं बटण दिसलं त्याला. म्हणाला, ओहो, नो-हिटर चाललाय की काय?
ज्याला खेळाडू मोजता येत नाहीत त्याला नेमका हाच शब्द माहीत.
तो मधोमध गेला आणि माझ्याऐवजी त्यानेच ब्रिजेटचा हात हातात घेतला. त्यांची पहिली गिरकी आणि समोरच्यांची पहिली हिट एकदमच. पुढच्या चेंडूवर होम रन, चेंडू थेट मैदानाबाहेर, दोन रन त्यांना. हरलो. मी उठून ओरडलो, सगळं नासवलंस. पाय बधीर झालेला, टेबल धरावं लागलं. बँड थांबला होता. ब्रिजेटला वाटलं मी तिला म्हणालो.

२० ऑगस्ट
वेंडेलने अजून माफी मागितलेली नाही. मोठ्या मनाने वाट पाहतोय.
ब्रिजेटचा फोन हल्ली डोरीनलाच येतो. लग्नानंतर मुली आईच्या जवळ जातात, असं वाचलंय.

९ सप्टेंबर
चार जिंकले, पाच हरले, दोन जिंकले. गणिताने अजून शक्य आहे. बाकीच्या सगळ्या टीम सगळ्या मॅच हरल्या पाहिजेत, इतकंच.

२८ सप्टेंबर
सीझन संपला. खालून दुसरे. पुढच्या वर्षीची पायाभरणी म्हणून पाहिलं तर वाईट नाही.

११ ऑक्टोबर
मॅच नाही. डोरीन म्हणाली, चल, सगळे बागेत सफरचंदं तोडायला जातायत. तीच बाग. पानं खरंच लाल होती. मी सरबतवाल्यापाशी उभा राहून म्हटलं, इथे लग्न छान झालं असतं. डोरीनने टोपली माझ्या हातात दिली.
ब्रिजेटने सांगितलं, बाळ होणार आहे. एप्रिलच्या अठराला. मी फार आनंदलो, आणि सवयीने खिशातलं पुढच्या सीझनचं वेळापत्रक काढलं. ते काढायला नको होतं. पण नशीब बघा, अठराला हेरन्सची मॅचच नाही. तिला म्हटलं, पोरी, कर्टिस बोटीवर असेल, दवाखान्यात तुला मी घेऊन जातो. अगदी मोकळा आहे मी.
ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या टोपीवरचं पान काढत हळूच म्हणाली, बाबा, वेंडेलना सांगून झालंय. तू मॅच बघ.
मी म्हटलं, मॅच नाहीये त्या दिवशी. ती पुढच्या झाडाकडे गेली होती.
घरी येऊन वेळापत्रक पुन्हा पाहिलं. सतराला मॅच नाही, अठरालाही नाही.