उगमाला घातलेलं कुंपण

अहो,

उलानबातारला मुलाकडे सगळे सुखरूप असाल, या भरवशावर लिहायला बसले. खोकला कसा आहे? सूनबाई मीठ घालून चहा देते ना, की शहरातला गोडच पाजते?

मी इथे कुरणात झकास. आपली आटलेली नदी जागी करायला सगळी घरं झटतायत. वरच्या घळीत दगडांचे बांध घातले, काठाला वाळुंजाच्या फांद्या रोवल्या. शेळ्या मुळं उकरतात म्हणून परवा उगमाच्या झऱ्याला कुंपणही घातलं.

आता हसू नका. आपल्यात जन्मात कुणी कुंपण घातलंय का? शेवटची तार आवळून झाली तेव्हा कळलं, आम्ही सगळे आत आणि घोडे बाहेर. दार ठेवायचंच राहिलं. तुमचा धाकटा भाऊ बातसूरी म्हणतो, "वहिनी, आता इथेच चरा." मला दोघी शेजारणींनी पिठाच्या पोत्यासारखं उचलून तारेपलीकडे ठेवलं.

तुम्ही म्हणाला होतात, पाणी आपल्या तंबूच्या जागेपर्यंत आलं तर परतेन, नाहीतर मुलगा म्हणतो तसा कळप विकू. तर ते काल आलं. घोट्याएवढंच आहे. उन्हाळ्यात टिकेल का, ते उन्हाळ्यातच कळेल. पण इतकी वर्षं त्या कोरड्या वाळूतून सरळ चालत जाणारा तुमचा तांबडा घोडा काल मध्येच थांबला, आणि मान खाली घालून पाणी प्यायला.

डॉक्टरांना प्रवासाचं विचारा. नातवाला माझा मुका.

तुमचीच म्हातारी,
दुलाम