निळा धूर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

निळा! माझ्याच गाडीतून निळा धूर! वैभवने रे रोडला गॅरेजसमोर गाडी उभी केली, रेस दिली, आणि सायलेन्सरमधून हा भपकारा! सगळे काम टाकून बघायला. दौलतशेठ — बावीस वर्षं त्यांच्याच गॅरेजात हात काळे करतोय मी — हसून म्हणाले, "चिंतामणी, दिव्याखाली अंधार रे!" मीही हसलो. काय करणार?

पांढरा असता तर म्हटलं असतं, पाणी जातंय कुठेतरी. काळा असता तर फिल्टर चोंदलाय, तासाभराचं काम. निळा म्हणजे ऑइल जळतंय. म्हणजे इंजिन! गाडी माझी, पण टूरवर चालवतो माझा धाकटा भाऊ वैभव. वाट कोणी लावली हे सांगायला ज्योतिषी नको.

५ फेब्रुवारी

कॉम्प्रेशन तपासलं. ठणठणीत. पिस्टनच्या रिंगा चांगल्या. मग डिपस्टिक काढली आणि बघतच राहिलो — ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! मावत नाही म्हणून वर चढतंय आणि जळतंय. इंजिनाला काही झालेलं नाही, कोणीतरी वरून ओतलंय. डिकीतला माझा ऑइलचा कॅन अर्धा रिकामा.

वैभवला विचारलं. "मी हात पण नाय लावला, दादा." तोंडावर खोटं! जास्तीचं काढून टाकलं. धूर बंद.

१२ फेब्रुवारी

पुन्हा निळा. पुन्हा बोटभर वर. ह्याला लहानपणापासून सांगितलेलं कधी कळलंय?

१३ फेब्रुवारी

आज सगळं बोललो. पोटात होतं नव्हतं ते सगळं. दर्शना म्हणत होती, "अहो, हळू. चाळ ऐकतेय." ऐकू दे! बायको माझी, बाजू घेते दिराची!

पाडव्याला गाडी वैभवच्या नावावर करणार होतो. शब्द दिला होता. म्हटलं, आता विसर! चावी खिळ्याला लाव आणि नीघ. त्याने चावी खिळ्याला लावली. एकदा नानांकडे बघितलं — आमचे वडील, खाटेवर बसून चहात खारी बुडवत होते. त्यांना हल्ली काय कळतंय? सकाळी मलाच विचारतात, "तू खंयचो?"

वैभव त्यांच्या पाया पडला, बायकोला, प्रितीला घेऊन वरळी कोळीवाड्यात सासुरवाडीला गेला. नाटकं नुसती!

१४ फेब्रुवारी

घर मोकळं. बरं झालं.

१६ फेब्रुवारी

दर्शना ताट आपटून ठेवते.

१९ फेब्रुवारी

पाच दिवस गाडी चाळीखाली उभी. चावी खिळ्यावर. आज गॅरेजला जायला काढली तर निळा! डिपस्टिक बोटभर वर!

वैभव तर वरळीला आहे. मग कोण? तिथेच बॉनेटला टेकून उभा राहिलो.

२० फेब्रुवारी

पहाटेपासून जागा होतो. सहा वाजता नाना उठले. टोपी घातली. खिळ्यावरची चावी घेतली आणि अनवाणी जिना उतरले. मी मागे.

डिकीतून कॅन काढला, बॉनेट उघडलं, झाकण फिरवलं. हात थरथरत नव्हते! एरवी चहाचा कप धरवत नाही त्यांना. सावकाश, धार तुटू न देता ओतत होते. "नाना, काय करताय?" म्हटलं. वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "पाळयेच्या आधी तेल घालूक होया. साचो सुको चललो तर जळतलो. बाजूक हो, जॉबर येयत."

तीस वर्षं परळच्या मिलमध्ये जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाताखाली हेच काम — पाळी सुरू व्हायच्या आत सगळ्या साच्यांना तेल. मिल बंद पडली त्याला पंचवीस वर्षं झाली. त्यांची पाळी अजून सुरूच आहे. माझ्या इंजिनातून जो निळा धूर निघत होता, तो माझ्या बापाचा इमानदारपणा होता.

आणि मी भावाला घराबाहेर काढलं! धूर बघून रोग सांगणारा मी! थू!

२१ फेब्रुवारी

वरळीला गेलो. वैभवला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून! कॅन लपवला तर नाना दिवसभर शोधतात, रडतात, म्हणून लपवतही नव्हता. "मग मला सांगितलं का नाहीस?" म्हटलं. म्हणाला, "तू परत मारलं असतंस त्यांना."

गणपतीत नाना लालबागच्या गर्दीत हरवले होते. तीन तासांनी सापडले. घरी आणून मी त्यांच्या थोबाडीत मारली. वैभव दारात उभा होता.

या वहीत मी ते लिहिलं नव्हतं.