ज्याची फाइल ताजी, ती खरी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, कुणाला नावं ठेवायची नाहीत.

मोठी बातमी म्हणजे 'टिपकागद' क्लाउडवर जाणार. टिपकागद हे मी नोकरी सोडून बनवलेलं नोट्सचं अॅप. (हे मला माहीत आहे. पण पुढेमागे कुणी ही रोजनिशी छापलीच, तर अडायला नको.)

निमित्त घरचंच. बायको फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. कुणाचा गुडघा किती वाकला, कुणाचा खांदा कुठे अडतो, सगळं टिपकागदात लिहिते. तिचा फोन पडला, काचेचा चुरा झाला, टच निम्म्याच भागात चालतो. नवीन आणलाय. म्हणाली, जुन्यातल्या नोंदी नव्यातही दिसू देत, एवढंच कर.

'एवढंच'! तंत्रज्ञान न कळणाऱ्यांचा आवडता शब्द. रविवारी देतो म्हणालो. खरं तर शनिवारीच होईल, पण हातचा राखून बोलावं.

५ फेब्रुवारी
दिवसभर क्लाउड सर्व्हिस बघितल्या. एवढी स्थळं आम्ही ताईसाठीही बघितली नव्हती. एक फार मोठी, पण वेबसाइट उद्धट वाटते. एक सोपी. सोप्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तिसरीचं नाव उच्चारता येत नाही, म्हणजे दर्जेदार असणार.

तुलनेचा तक्ता केला. रंग दिले. 'डेटा सेंटर भूकंपाच्या पट्ट्यात आहे का' असाही रकाना आहे. हे कुणाला सुचलं नसतं.

सध्याचे युजर: बायको, मी, मेहुणा. मेहुण्याने अॅप उतरवून घेतलंय, उघडलेलं नाही. पण युजर तो युजर. आखणी दहा लाखांची करतोय.

७ फेब्रुवारी
मेहुण्याचा फोन. तो एका मोठ्या ऑफिसात असलीच कामं करतो, म्हणजे पाट्या टाकतो. म्हणाला, भावजी, दोन्ही फोनमधल्या नोंदी सारख्या ठेवणारं तयार सिंक देणारी कुठलीही सर्व्हिस घ्या, दुपारभरात होईल. प्रत्येक नोंद वेगवेगळी पाठवा. आणि आधी एक कॉपी काढून ठेवा.

उद्या दहा लाख लोक आले तर, असं विचारलं. हसला. मोठं काम आधी हसण्यावारीच नेतात लोक.

८ फेब्रुवारी
बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, सिंकचं काय झालं? आर्किटेक्चर डोक्यात पक्कं आहे, फक्त अंमलबजावणी बाकी आहे, असं शांतपणे समजावलं. ती म्हणाली, भांडी घासायचं सिंक. तुंबलंय. प्लंबरला तू बोलावणार होतास.

गैरसमज. पण दोन्ही सिंक माझ्याच डोक्यावर आहेत, हे घरात कुणी लक्षात घेत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
झालं नाही. कारण प्लंबर. त्याने पाइप खोलला की माणूस एकाग्र कसा होणार?

१६ फेब्रुवारी
झालं नाही. पण लोगो झाला. ढगावर टिपकागद. बायकोला दाखवला. म्हणाली, उशी आहे का?

जुना फोन आता मधेच काळा पडतो. ती रोज पेशंटच्या घरी तो थापटत बसते म्हणे. अशाने हार्डवेअर बिघडतं, असं सांगितलं.

१८ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरचे गुडघेकाका भेटले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बायकोचेच पेशंट. क्लाउडची सगळी योजना त्यांना समजावली. ते भिंतीला धरून उभे होते, तरी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, तुमच्यासारखा नवरा आहे म्हणून तिला बरं. रस असलेला माणूस लगेच कळतो.

२३ फेब्रुवारी
टेस्टिंगसाठी बायकोच्या नोंदी उघडल्या. युजरचा मजकूर वाचणं माझ्या तत्त्वात बसत नाही. वाचला.

'गुडघेकाका: वीस मोजायला सांगितलं की चौदानंतर एकदम अठरा म्हणतात. मोठ्याने मोजून घ्यायचं.' 'शिंपीणबाई: हात वर नेताना हसायला लागल्या की समजायचं, दुखतंय. तिथेच थांबायचं.' 'बेकरीवाल्याची आई: व्यायाम म्हटलं की नको म्हणते. कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढून द्या म्हटलं की हात बरोबर वर जातो.'

असं पानंच्या पानं. दोन वर्षांचं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं की तू नक्की काय करतेस. जरा कसंतरी झालं. मग फॉन्ट बदलला. आता छान दिसतं.

१ मार्च
बायको म्हणाली, राहू दे तुझं सिंक. जुना फोन चालू आहे तोवर मी आज बसून सगळं हाताने नव्यात उतरवून घेते.

मला फार लागलं. नवऱ्याचं अॅप, आणि बायको हाताने उतरवणार! काहीही उतरवायचं नाही म्हणालो. मी आहे ना? उद्या देतो. आवाज थोडा चढला. तिने फोन ठेवून दिला आणि म्हणाली, बरं, तू आहेस.

२ मार्च, रविवार, सकाळ
क्लाउड ठरला! तक्त्यात तिघांना सारखेच गुण पडले, म्हणून ज्याचा निळा रंग आमच्या लोगोशी जुळतो तो घेतला.

सिंक मात्र स्वतः लिहिलं. तयार माल नको. पद्धत माझी आणि सुटसुटीत: सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये. ज्या फोनची फाइल ताजी, ती खरी. क्लाउडने ताजी फाइल घ्यायची आणि दुसऱ्या फोनला द्यायची. एका वाक्यात मावणारा नियम! मेहुण्याला जन्मात सुचला नसता.

२ मार्च, दुपार
यशस्वी! नव्या फोनवर अॅप टाकलं, उघडलं, दोन्ही फोन शेजारी ठेवून बटण दाबलं. हिरवी खूण आली. दोन्ही फोनवर तंतोतंत सारखं दिसतंय. तसूभरही फरक नाही.

बायकोला हाक मारली आहे. हात पुसून येते म्हणाली.

२ मार्च, नंतर
दोन्ही फोन कोरे आहेत.

नव्या फोनने अॅप उघडताच स्वतःची एक रिकामी फाइल बनवली. ती आजची. म्हणजे ताजी. म्हणजे खरी. क्लाउडने ती घेतली आणि जुन्या फोनला दिली. जुन्याने निमूटपणे दोन वर्षं पुसून टाकली. नियम बरोबर चालला. पहिल्याच झटक्यात, एकही एरर न येता.

बायकोने दोन्ही फोन हातात घेतले. एक खाली-वर सरकवून बघितला, मग दुसरा. विचारलं, येतील ना परत? येतील म्हणालो.

३ मार्च
मेहुणा आला. जुना फोन, क्लाउड, सगळं उलटंपालटं केलं. नाही म्हणाला. कॉपी काढली होती का? तक्ता दाखवला. त्यात 'बॅकअप' असा रकाना आहे. हिरवा.

त्याने तक्ता बघितला, मग बहिणीकडे बघितलं. यावेळी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

क्लाउडवाल्यांना कडक मेल लिहिलं. उत्तर आलं की आपल्या सूचनेनुसारच कार्यवाही झाली आहे.

४ मार्च
बायको ओरडली नाही. मी तयारी करून बसलो होतो. ताण, झोप, प्लंबर, सगळे मुद्दे होते. तिने विचारलंच नाही. फोनबरोबर आलेल्या साध्या नोट्समध्ये नवी नोंद उघडली, बॅग उचलली, गेली.

घरोघर जाऊन काय सांगत असेल? नवऱ्याने घाण केली, म्हणून पुन्हा गुडघा दाखवा? जिन्यात मला तोंड दाखवता येणार नाही. आज बाहेर पडलोच नाही.

६ मार्च
ती रोज उशिरा येते. सगळ्यांचं पहिल्यापासून मोजावं लागतंय. शिंपीणबाईंचा हात काल जास्त वर नेला गेला, रात्रभर ठणकला म्हणे. बायकोने हे जेवताना सांगितलं, मान खाली घालून. शिंपीणबाई हसल्या असतील का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

संकल्प: तिच्या सगळ्या पेशंटच्या घरी जाऊन सांगायचं की चूक माझी. वाक्यही तयार आहे: नोंदी माझ्यामुळे गेल्या, तिचा काही दोष नाही. आरशासमोर म्हणून बघितलं. जमतंय. सुरुवात गुडघेकाकांपासून.

७ मार्च
पाऊल उचलणार होतो. काका झोपले असतील असं वाटलं.

८ मार्च
आजही.

९ मार्च, रविवार
बायकोबरोबर बाजारात निघालो. खालच्या दारातच गुडघेकाका, काठी टेकत. म्हटलं, आलीच वेळ. घसा खाकरला.

तेच आधी बोलले. काय हो, एवढं अॅप बनवणारा माणूस घरात, आणि ही सगळ्या नोंदी पुसून बसते? स्वतःच म्हणाली, माझ्या हातून चुकून डिलीट झालं. शिंपीणबाईंनाही तेच सांगितलं, बेकरीत पण. कामाची आहे हो पोर, पण फोनमधलं तिला काही कळत नाही. जरा शिकवा की तिला.

ती माझ्या शेजारीच उभी होती. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काका माझ्याकडे बघत होते. वाक्य तोंडपाठ होतं.

शिकवतो, म्हणालो.