पडद्यामागचा नंबर चार

३ मार्च, मंगळवार

मिळाला! बावीस तारखेच्या मैदानातल्या कार्यक्रमात आमच्या मेटल बँडला पाऊण तास मिळाला. आता खरी गोम — पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटार आहेत. दोन्ही मीच वाजवल्यात, एकीवर एक. मैदानात चार हात कुठून आणू? दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासल्या, पण लक्ष कशातच नव्हतं.

५ मार्च, गुरुवार

ड्रमर प्लंबर आहे. त्याच्या पाइपांच्या गोदामात आमची बैठक झाली. गेल्या वेळी आम्ही एका गिटारवाल्याच्या केसांवर भाळलो होतो — केस कमरेपर्यंत आणि ताल गुडघ्यात. म्हणून यंदा दुसरा गिटारवाला निवडताना पडदा! वाजवणारा ताडपत्रीमागे, तोंडातून अक्षर काढायचं नाही, नाव नाही, नुसता नंबर. कल्पना मास्तरांची. ते शाळेत भूगोल शिकवतात आणि आमच्यात बास वाजवत किंचाळतात. "उत्तरपत्रिकेवर नाव असतं का? मग झालं तर," म्हणाले.

७ मार्च, शनिवार

नणंद औषधांच्या दुकानातल्या कामावरून परत आली ती थेट माझ्या खोलीत. "सापडलं का गं कुणी?" मी म्हटलं, तुला काय करायचंय. उगाच तोडून बोलले. बिचारी दोन वर्षं शेजारच्या खोलीत माझा धडधडाट सोसतेय.

८ मार्च, रविवार

काय दिवस होता! एक नंबर गाण्याच्या पुढे पळत होता. दोन नंबर स्वच्छ, इतका स्वच्छ की मला जांभई आली. तीन नंबरनं इतकी यंत्रं जोडली की फ्यूज उडाला. ड्रमर शिव्या घालत मीटरकडे गेला.

मग चार नंबर. आमच्या गाण्यात मधेच माझं बोट घसरलंय. मास्तरांना आवडली म्हणून, सगळ्यांना ऐकायला दिलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ती चूक तशीच ठेवली होती. पहिल्या तिघांनी ती सभ्यपणे दुरुस्त केली. चार नंबरनं ती चूक जशीच्या तशी उचलली आणि तिला वरून असा एक सूर जोडला की ती चूक वाटेचना. माझ्या अंगावर काटा आला. आम्हा तिघांचेही हात एकदम वर!

ताडपत्री सरकवली — तर नणंद! दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात.

"वहिनी, रागावू नकोस," ती म्हणाली. "तुझी जुनी गिटार माळ्यावरून काढली. भिंतीला कान लावून शिकले. अँपला जोडायचेच नाही, तुला ऐकू जाईल म्हणून."

हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "मला माहीत होतं की." घुम्या कुठला!

१२ मार्च, गुरुवार

रोज नाश्त्याआधी दोघींचा तासभर सराव. नवरा कानात कापूस घालून चहा करतो.

१७ मार्च, मंगळवार

गाण्याच्या शेवटी एकट्या गिटारचा लांब तुकडा आहे. तो माझा, पहिल्यापासून. आज मी वाजवला आणि मग गंमत म्हणून तिनं. ड्रमर काठ्या मांडीवर ठेवून ऐकत राहिला. तिचं संपल्यावर मास्तर उगाच तारा पुसत बसले.

जिन्यात ती म्हणाली, "तो तुकडा तुझाच हं, वहिनी. मी आपली मागेच बरी."

मी हो म्हटलं. पण हेवा वाटला, चांगलाच वाटला. आणि तरी तो तुकडा पुन्हा कधी ऐकायला मिळतो असं झालंय, हा दुसरा त्रास. बारा वर्षं वाजवतेय मी.

१९ मार्च, गुरुवार

आयोजकांचा फॉर्म आला. मुख्य गिटार — नणंदेचं नाव लिहिलं. जादा गिटार — माझं. पाठवूनही दिला. तिला उद्या सांगेन.